पदवी कोणाची, कशाची, कोणत्या वर्षाची?

विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची एक यादी वेळोवेळी जाहीर करतो. तीत महाराष्ट्राच्या नावाखाली नागपूरची राजा अरेबिक युनिव्हर्सिटी अनेक वर्षे दिसत आली आहे. कर्नाटकाच्या नावाखाली तशीच अनेक वर्षे दिसत आलेली संस्था बेळगाव जिल्ह्यातली आहे: बडागानवी सरकार वर्ल्ड ओपन युनिव्हर्सिटी एज्युकेशन सोसायटी, गोकाक. यादी आली की वर्तमानपत्रे ती छापतात, व्हॉट्सॲपवर ती फिरते आणि निपाणीपासून खानापूरपर्यंत अनेक घरांत तीत आपल्या मुलाच्या संस्थेचे नाव शोधले जाते. ते सापडले नाही की हायसे वाटते. माझ्या मते खरा धोका या हायसे वाटण्यातच आहे. ऑगस्ट २०२२ च्या यादीत साऱ्या देशातून फक्त २१ नावे होती. विद्यापीठ म्हणवण्याचा अधिकार नसताना तसे म्हणवून घेणाऱ्या आणि आयोगाच्या नजरेत आलेल्या संस्था तेवढ्या त्या यादीत येतात. खऱ्या विद्यापीठाने परवानगीशिवाय चालवलेला अभ्यासक्रम त्यात येत नाही, मान्यता संपल्यानंतर दिलेले प्रवेश येत नाहीत, हद्दीबाहेर उघडलेले केंद्र येत नाही आणि मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या कार्यालयातून विकली गेलेली गुणपत्रिकाही येत नाही. गेल्या दोन दशकांत ज्यांच्या पदव्या मातीमोल ठरल्या, त्यांतले पुष्कळजण या यादीबाहेरच्या संस्थांमध्येच शिकत होते. म्हणून ‘ही संस्था खरी की खोटी?’ एवढ्या प्रश्नाने काम भागत नाही. मान्यता ही संस्थेच्या दारावर एकदा लावलेली कायमची पाटी नसते. अमुक अभ्यासक्रम, अमुक पद्धतीने, अमुक हद्दीत, अमुक वर्षापुरता चालवण्याची ती परवानगी असते. दुचाकीच्या लायसन्सवर ट्रक चालवता येत नाही, आणि लायसन्सची मुदत संपली की दुचाकीही चालवता येत नाही. तसेच हे आहे.

पहिली पायरी कायद्याची, आणि ती सर्वांत सोपी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा १९५६ चा. त्याच्या २२ व्या कलमानुसार पदवी देण्याचा अधिकार फक्त केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, तिसऱ्या कलमाखाली अभिमत ठरलेल्या संस्थेला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेला आहे. २३ वे कलम इतर कोणालाही आपल्या नावात ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द वापरू देत नाही. बेळगावात याची उदाहरणे हाताशी आहेत. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ १९९८ मध्ये आणि राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये सुरू झाले, दोन्ही राज्याच्या कायद्याने. केएलई अकॅडमीला २००६ मध्ये अभिमत दर्जा मिळाला. तिघांचाही अधिकार कुठून आला हे एका वाक्यात सांगता येते. संशयास्पद संस्थेला नेमके हेच सांगता येत नाही. ती सोसायटी म्हणून झालेली नोंदणी दाखवते, आयएसओचे प्रमाणपत्र दाखवते, लघुउद्योग म्हणून केलेली नोंद दाखवते आणि त्या सगळ्याला मिळून ‘भारत सरकार नोंदणीकृत’ असे म्हणते. सोसायटीची नोंदणी सात माणसे मिळून करू शकतात. तिचा पदवीशी काहीही संबंध नाही. बनावट यादीतली इतर नावे वाचली तर ही धाटणी लगेच ओळखू येते. दिल्लीची युनायटेड नेशन्स युनिव्हर्सिटी, अलीगढची नेताजी सुभाषचंद्र बोस ओपन युनिव्हर्सिटी: जागतिक संस्थेचे नाही तर राष्ट्रपुरुषाचे वजन उसने घेतलेली ही नावे आहेत.

राज्याचा कायदा असला म्हणजे निश्चिंत राहावे, असेही नाही. छत्तीसगडने २००२ मध्ये एक कायदा केला आणि त्याच्या आधारे शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे केवळ अधिसूचनेने जन्माला आली. त्यांतल्या अनेकांकडे धड इमारतही नव्हती. आयोगाचे माजी अध्यक्ष असलेले शास्त्रज्ञ प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने त्या कायद्यातल्या संबंधित तरतुदी रद्द केल्या. तेव्हा नुसता कायदा आहे का, एवढे विचारणे पुरत नाही. पुढचे प्रश्नही विचारावे लागतात.

ते न विचारणे किती महाग पडू शकते हे कर्नाटकाइतके दुसऱ्या कोणाला क्वचितच कळले असेल. म्हैसूरचे कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ १९९६ पासून चालते. ते राज्याच्याच कायद्याने झालेले, सरकारी, आणि नोकरी करत शिकणाऱ्या असंख्य लोकांचा आधार. त्याच्या खरेपणाबद्दल कोणाला शंका असण्याचे कारण नव्हते. तरीही जून २०१५ मध्ये आयोगाने जाहीर सूचना काढली की २०१२-१३ नंतर या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांना मान्यता राहिलेली नाही. नियम मोडून राज्याच्या हद्दीबाहेर केंद्रे चालवणे, खासगी संस्थांना भागीदार करून घेणे, तांत्रिक विषयांचे अभ्यासक्रम चालवणे असे आक्षेप होते. मान्यता परत मिळाली ती ऑगस्ट २०१८ मध्ये, २०१८-१९ या वर्षापासून आणि ठरावीक अभ्यासक्रमांना. मधल्या काळात ज्यांनी प्रवेश घेतला, शुल्क भरले, परीक्षा दिल्या, त्यांनी कोणतीही लबाडी केली नव्हती. त्यांच्या हातात खऱ्या विद्यापीठाचे खरे मार्क्स कार्ड होते, त्यावर खरी सही होती. तरीही नोकरभरतीत, बढतीत, पुढच्या प्रवेशात ते अडकले, आणि त्यांना वर्षानुवर्षे निवेदने आणि न्यायालये यांच्या फेऱ्या माराव्या लागल्या. २०११ मध्ये प्रवेश घेतलेल्याची पदवी चालते आणि २०१३ मध्ये प्रवेश घेतलेल्या त्याच्याच धाकट्या भावाची चालत नाही, अशी वेळ एकाच घरावर येऊ शकत होती. मान्यता वर्षाला चिकटलेली असते, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगणार?

हद्दीचा प्रश्न तर सीमाभागात रोजच्या जगण्यातलाच आहे. निपाणी कर्नाटकात, पण निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात येते आणि शिवाजी विद्यापीठाला संलग्न आहे. निपाणीची मुले पिढ्यान्‌पिढ्या तिथे शिकत आली आहेत. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी आणि इतर प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. दोन्ही राज्यांकडे पाहत शिकण्याची इथल्या घरांना सवय आहे, आणि ती सवय योग्यही आहे. मातृभाषेतून शिकायचे तर दुसरा मार्ग तरी कोणता? दूरशिक्षणात मात्र हीच सवय अडचणीची ठरू शकते. राज्य विद्यापीठाला दूरशिक्षणाची केंद्रे, संपर्कवर्ग आणि परीक्षा आपल्या राज्याच्या हद्दीतच घ्याव्या लागतात. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीतून शिकवते आणि त्याच्या अधिकाराबद्दल प्रश्नच नाही. तरी कोणी त्याच्या नावाने बेळगाव किंवा चिकोडी तालुक्यात अभ्यासकेंद्र चालवतो आहे असे सांगू लागला, तर तिथेच थांबायला हवे. सीमाभागातल्या विद्यार्थ्याने महाराष्ट्रातले अधिकृत केंद्र निवडावे, आपला रहिवास कर्नाटकातला असल्याचे अर्जात उघड लिहावे आणि प्रवेश चालतो का हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावे. मधल्या माणसाच्या ‘ते मी बघून घेतो’ यावर विसंबू नये. तसेच आयोगाच्या २००३ च्या नियमांनुसार खासगी विद्यापीठ कोणत्याही महाविद्यालयाला संलग्नता देऊ शकत नाही. त्यामुळे सिक्कीम, मेघालय किंवा राजस्थानातल्या एखाद्या खासगी विद्यापीठाचे ‘संलग्न कॉलेज’ तालुक्याच्या गावी दिसले, तर ते विद्यापीठ कायद्याने स्थापन झालेले असले तरी तिथली पदवी पणाला लागलेली असते.

ऑनलाइन पदवीचे गणित इथे वेगळे आहे, आणि ते सीमाभागाच्या फायद्याचे आहे. मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे सध्याचे नियम आयोगाने सप्टेंबर २०२० मध्ये लागू केले. त्यांनुसार रीतसर परवानगी असलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला राज्याच्या हद्दीचे बंधन नाही. पुण्याच्या किंवा मुंबईच्या विद्यापीठाला अशा अभ्यासक्रमाची परवानगी असेल, तर संकेश्वरला घरी बसून तो शिकणारी मुलगी नियमात बसते. त्याच विद्यापीठाचा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम संकेश्वरच्या केंद्रातून केला तर ती बसत नाही. वरकरणी दोन्ही सारखेच, घरी राहून केलेले शिक्षण; कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांत एका पदवीइतके अंतर आहे. आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये विद्यापीठांना आणखी एक ताकीद दिली: मान्यताप्राप्त विद्यापीठाचा दूरशिक्षणाचा किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम एखाद्या शैक्षणिक कंपनीला फ्रँचायझी म्हणून चालवायला देता येत नाही. अशा कंपन्यांच्या जाहिरातींत कंपनीचे नाव ठळक आणि विद्यापीठाचे नाव बारीक अक्षरांत असते, ते पाहताना ही ताकीद आठवावी.

मग प्रश्न येतो विषयाचा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा कागलच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या डिप्लोमाधारकाला बढतीसाठी बीई हवी असते. सुट्टी मिळत नाही, घर चालवायचे असते, आणि दूरशिक्षणाने बीटेक करून देणारा कोणीतरी भेटतो. त्याने ३ नोव्हेंबर २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जरूर समजून घ्यावा. तो वाद ओडिशाच्या पाटबंधारे महामंडळातल्या बढतीवरून सुरू झाला होता. उदयपूरचे राजस्थान विद्यापीठ, सेलमचे विनायक मिशन्स यांसारख्या अभिमत विद्यापीठांनी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मंजुरीशिवाय दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. न्यायमूर्ती आदर्शकुमार गोयल आणि उदय लळित यांच्या पीठाने २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित केल्या आणि त्यांना पुन्हा परीक्षा देण्याची संधी दिली. त्यानंतरच्या तुकड्यांच्या पदव्या थेट रद्द केल्या. ज्यांनी त्या पदवीवर दहा-दहा वर्षे नोकरी केली होती, त्यांच्याही पदव्या यातून सुटल्या नाहीत. आज अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, वास्तुशास्त्र, कायदा असे अनेक विषय दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पदवीसाठी देता येत नाहीत, आणि पीएच.डी. तर नाहीच. परदेशी विद्यापीठाच्या नावाने शैक्षणिक कंपन्या ज्या ऑनलाइन पीएच.डी.च्या जाहिराती करतात, त्या मान्य नसल्याचे आयोगाने आणि तंत्रशिक्षण परिषदेने ऑक्टोबर २०२२ मध्ये मिळून सांगितले. बंदी असलेल्या विषयांची ही यादी वाढतही असते. २०२५ मध्ये मानसशास्त्र, पोषणशास्त्र यांसारखे आरोग्याशी जोडलेले विषयही बंद झाले. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी शेजारच्या मुलाने केला म्हणून तो अभ्यासक्रम आजही चालेल, असे धरता येत नाही.

कायदा आहे, हद्द बरोबर, विषय परवानगीतला, तरी एक पायरी उरते, आणि ती सर्वांत अवघड आहे. विद्यापीठच पदव्या विकू लागले तर? मेघालयातल्या सीएमजे विद्यापीठाने २०१२-१३ या एका वर्षात चारशेहून अधिक पीएच.डी. दिल्याचे उघड झाले, आणि तिथल्या शासनाने ते विद्यापीठ बरखास्त केले. हिमाचलमधल्या सोलनच्या मानव भारती विद्यापीठाच्या तपासात हजारो बनावट पदव्यांचा हिशेब निघाला. राजस्थानातल्या ओपीजेएस, सनराइज आणि सिंघानिया या तीन विद्यापीठांना आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये पाच वर्षे पीएच.डी.चे प्रवेश देण्यास मनाई केली. ही सगळी कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे होती. अशा ठिकाणी संस्थेचा अधिकार तपासून उपयोग नसतो, व्यवहार कसा होतो ते पाहावे लागते. या धंद्याची भाषा ठरलेली आहे. ‘सिंगल सिटिंग’ म्हणजे तीन वर्षांची पदवी एका बैठकीत. ‘बॅक डेट’ म्हणजे आज पैसे भरून चार वर्षांपूर्वीच्या तारखेचे प्रमाणपत्र. ‘व्हेरिफिकेशनसह’ म्हणजे कंपनीने चौकशी केलीच तर हो म्हणणारा माणूस विद्यापीठात आहे, अशी हमी. यांतला एकही शब्द कानावर आला की समोरचा माणूस शिक्षण विकत नाही, हे ठरलेच. पदवीला साधारण तीन वर्षे लागतात, पदव्युत्तरला दोन. वेळ हा अभ्यासाचाच भाग आहे, आणि तो वाचवून देणारा माणूस अभ्यासच वगळत असतो.

परदेशी पदव्यांबद्दल थोडक्यात. कराचीची ॲक्झॅक्ट नावाची कंपनी शेकडो संकेतस्थळांवरून अमेरिकी वाटणाऱ्या नावांची विद्यापीठे चालवत होती. तिथे प्राध्यापक म्हणून छायाचित्रांत दिसणारे लोक पैसे देऊन उभे केलेले होते. मे २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते उघडकीस आणले. ‘आयुष्यातल्या अनुभवावर पदवी’ हे अशा संस्थांचे आवडते आमिष, आणि मान्यता देणारी संस्थाही त्या स्वतःच उभी करतात. म्हणून ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ असे कोणी म्हणाले की मान्यता देणाऱ्याला कोणी मान्यता दिली, हे विचारावे. आपल्याकडे डिजिटल फलकांवर झळकणाऱ्या मानद डॉक्टरेट अनेकदा याच कुळातल्या असतात. हॉटेलच्या सभागृहात शाल, टोपी आणि झगा देऊन नावामागे ‘डॉ.’ लावून देणाऱ्या संस्थेला तो अधिकार कोणत्या कायद्याने दिला, हे समाजकार्य करणाऱ्या माणसाने तरी विचारायलाच हवे. त्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात.

यावर पहिला आक्षेप असा येईल की एवढी भानगड असेल तर घरबसल्या शिक्षणाच्या वाटेला जाऊच नये, नियमित महाविद्यालय बरे. ज्याला ते जमते त्याने जरूर जावे. पण बिडी वळून घर चालवणारी बाई, साखर कारखान्यात पाळीने काम करणारा कामगार, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त होऊन दुसरी नोकरी शोधणारा जवान, पीयूसीनंतर लग्न झालेली मुलगी यांना महाविद्यालयाचे दार वेळेवर उघडे नसते. त्यांच्यासाठीच १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ उभे राहिले, नाशिकचे राहिले, म्हैसूरचे राहिले. मान्यताप्राप्त संस्थेने नियमाने दिलेली दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. सरकारी भरतीत ती नाकारता येत नाही. बनावट संस्थांचा सर्वांत मोठा अपराध मला इथेच दिसतो: प्रामाणिकपणे रात्री जागून केलेल्या पदवीकडेही त्यांच्यामुळे लोक संशयाने पाहतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सरकारी शिक्का म्हणजे ज्ञान नव्हे, असे म्हणणाऱ्यांच्या पाठीशी महाराष्ट्राचा मोठा इतिहास उभा आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, पुण्यात १९२१ मध्ये टिळक महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा दोघांनाही ब्रिटिश सरकारची मान्यता नव्हती. टिळक विद्यापीठाचा तर सरकारी शिक्षणाबाहेर राहणे हाच बाणा होता. तिथे शिकलेल्यांची विद्वत्ता मान्यतेवाचून कमी झाली नाही. हे सगळे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण त्या संस्थांनी आपण मान्यतेबाहेर आहोत हे उघड सांगितले होते, आणि सरकारी नोकरी मिळणार नाही हे जाणूनच विद्यार्थी तिथे गेले. स्वातंत्र्यानंतर कायदा आपला झाला आणि या दोन्ही संस्थांनी त्या कायद्याखाली रीतसर दर्जा मिळवला. त्यांची परंपरा सांगून आज कोणी मान्यता नसलेली पदवी देत असेल, तर त्याला एकच विचारावे: ही पदवी नोकरीला चालणार नाही, हे तुमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर लिहिले आहे का? २०१५ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे शिक्षणमंत्री विनोद तावडे यांच्या अभियांत्रिकी पदवीवरून वाद झाला. ती पुण्याच्या ज्ञानेश्वर विद्यापीठाची होती, आणि त्या संस्थेला शासनाची मान्यता नव्हती. तावडे यांनी हे नाकारले नाही. आपण ते कधी लपवले नसल्याचे त्यांनी सांगितले. मान्यतेबाहेरचे शिक्षण घेणे हा गुन्हा नाही, ही त्यांच्या बाजूची गोष्ट मानली, तरी त्या शिक्षणाला ‘बीई’ ही अक्षरे लावली की वाचणारा वेगळा अर्थ घेतो, एवढे त्या वादाने दाखवून दिले. संगीत, शेती, सुतारकाम, कोडिंग, कितीतरी गोष्टी पदवीशिवाय उत्तम शिकवता येतात. ते प्रमाणपत्र म्हणून द्यावे. पदवी म्हणू नये.

‘खासगी कंपनीत कोण विचारतो?’ हा तिसरा आक्षेप फार काळ टिकणारा नाही. पहिल्या नोकरीत कदाचित विचारत नाहीत. पण बऱ्याच कंपन्या पडताळणीचे काम बाहेरच्या संस्थांना देतात, परदेशी व्हिसासाठी कागद तपासले जातात, आणि पदवी डिजिलॉकरमध्ये दिसते का हे पाहायला फारसा वेळ लागत नाही. खोटेपणा उघड होतो तो बहुधा बढतीच्या वेळी, म्हणजे माणसावर घराचे कर्ज आणि मुलांची शाळा असताना.

तपासणी प्रत्यक्षात एका संध्याकाळचे काम आहे आणि मोबाइलवर होते. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर विद्यापीठनिहाय आणि वर्षनिहाय मंजूर अभ्यासक्रम दिलेले असतात. तिथे विद्यापीठाचे नाव सापडले म्हणून थांबू नये. आपला अभ्यासक्रम, आपले प्रवेशाचे वर्ष, आणि दूरस्थ की ऑनलाइन, हे तिन्ही जुळायला हवे. जाहिरातीतली लिंक दाबून तिथे जाऊ नये, पत्ता स्वतः टाइप करावा, कारण सरकारी वाटणारी संकेतस्थळेही बनवली जातात. २०२४ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यार्थ्याला आयोगाच्या पोर्टलवर स्वतःचा डीईबी क्रमांक काढावा लागतो. तो न मागता प्रवेश देणारी संस्था तिथेच उघडी पडते. शुल्क विद्यापीठाच्या खात्यात जावे आणि पावती विद्यापीठाची असावी. केंद्रचालकाच्या यूपीआयवर पाठवलेले पैसे प्रवेशाचा पुरावा होत नाहीत. विद्यापीठाच्या कुलसचिवांना ईमेल करून केंद्र अधिकृत आहे का विचारावे, आणि आलेले उत्तर जपून ठेवावे.

हे सारे विद्यार्थ्यानेच का करायचे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. १९५६ च्या कायद्याच्या २४ व्या कलमात बनावट विद्यापीठ चालवणाऱ्याला शिक्षा आहे ती जास्तीत जास्त एक हजार रुपये दंडाची. एका विद्यार्थ्याकडून घेतलेल्या शुल्कात असे कित्येक दंड भरता येतील. फसवणूक आणि बनावट दस्तऐवज यांच्या कलमांखाली पोलीस गुन्हा नोंदवू शकतात, पण त्यासाठी कोणीतरी फसलेला पुढे यावा लागतो, आणि फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो. संसदेने हा दंड बदलावा, ही मागणी बेळगाव आणि कोल्हापूर या दोन्ही ठिकाणच्या खासदारांनी मांडायला हवी. दोन्ही राज्यांच्या उच्चशिक्षण खात्यांनी सीमाभागासाठी, कन्नड आणि मराठी दोन्हींत, कोणते केंद्र कोणत्या वर्षापर्यंत अधिकृत आहे याची यादी दर प्रवेशापूर्वी तालुक्याच्या ठिकाणी लावावी. सीमाप्रश्नाचा निकाल लागेपर्यंत त्यासाठी थांबण्याची गरज नाही.

आणि ज्यांच्या हातात अशी पदवी आधीच आहे, त्यांनी काय करायचे? प्रथम ती नव्या अर्जात लावणे थांबवावे. अजाणता फसलेला माणूस आणि माहीत असूनही बनावट कागद वापरणारा माणूस यांत कायदा फरक करतो, आणि कळल्यानंतर केलेला पहिला अर्ज हा फरक पुसून टाकतो. प्रवेशाचे अर्ज, पावत्या, केंद्रचालकाचे निरोप, बँकेच्या नोंदी एकत्र करून शुल्क परत मागणारे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवावे. २०१७ च्या निकालातही न्यायालयाने संबंधित विद्यापीठांना शुल्क परत करण्यास सांगितले होते. पोलिसांकडे तक्रार एकट्याने देण्यापेक्षा त्याच केंद्रातल्या चार-पाच जणांनी मिळून द्यावी, म्हणजे एकच माणूस तीच पद्धत पुन्हापुन्हा वापरतो आहे हे दिसते. पदवी खऱ्या विद्यापीठाची पण वादग्रस्त वर्षाची असेल तर ती फाडून टाकू नये. विद्यापीठाकडून त्या तुकडीबद्दलचा आयोगाचा शेवटचा निर्णय लेखी मागवावा, कारण काही तुकड्यांना नंतर संधी मिळालेल्या आहेत. आणि इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात किंवा आपल्या राज्याच्या मुक्त विद्यापीठात नव्याने नाव घालायचे असेल, तर वर्षातून सहसा दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सत्रासाठी, प्रवेश उघडतात.